फूटपट्टीची बाग

दि. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी इथे सुखरूप आहे. कंबरेत घातलेला खिळा जागच्या जागी बसला आहे असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यांनी मला फोटोही दाखवला. खिळा सरळ नसून किंचित तिरपा आहे हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर ते म्हणाले की तो तसाच बसवतात. जन्मभर नकाशाच्या कचेरीत सरळ रेघा मारल्या आणि आता अंगात एक तिरपी रेघ घेऊन फिरायचं आलं.

लेक फार करते माझं. सातव्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली दिली आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे, आणि लोकांचे दात उपटायला दवाखान्यात जाण्याआधी माझ्या गोळ्या डबीत भरून जाते. मी कायमचं इथेच राहावं असं तिच्या मनात आहे हे उघड दिसतं. ती तसं बोलत नाही, पण आपल्या घरात मनातलं बोलतं कोण?

आता कामाचं. तू तुझी दोन खोल्यांची जागा बंद करून माझ्या घरी राहायला गेलीस, हे उपकारच आहेत. पण फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून सगळं लेखी देतो. सोबत बागेचा नकाशा आहे. पाणी उन्हं चढायच्या आत घालायचं आणि मुळाशी घालायचं. पाइप फुलांच्या डोक्यावर धरायचा नाही. ही झाडं आहेत, तुझ्या वॉर्डातले पेशंट नाहीत की सकाळी उठून सगळ्यांना अंघोळ घातलीच पाहिजे. झिनियाचं फूल सुकलं की लगेच खुडायचं, नाहीतर झाड बी धरून बसतं आणि फुलायचं सोडून देतं. कण्हेरीवर सुरवंट दिसला की चिमट्यानं उचलायचा. सूर्यफुलं एका उंचीची राहिली पाहिजेत. आणि गुलाबाच्या पानांना कुणीतरी गोल भोकं पाडतंय, इतकी गोल की कंपासनं काढल्यासारखी. त्या चोराच्या मागावर मी स्टुलावर चढलो होतो, आणि पुढचं तुला माहीत आहे. जमलं तर त्याला पकड.

शेजारच्या चष्मेवाल्यांचा फोन आला होता. दुकान वाढवायला त्यांना माझी जागा हवी आहे. जूनमध्ये काय ते सांगतो म्हणालो. घर ठेवावं की देऊन टाकावं, माझं अजून ठरत नाही. बागेचं खरं काय ते कळव, म्हणजे ठरवायला बरं पडेल.

तुझी माया उन्हानं आटायची नाही याची खात्री आहेच.

तुझा,
धाकटा


दि. ११ मे

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नकाशा पोचला. तो उलटा धरला की बाग जास्त बरी दिसते.

खरं काय ते कळव म्हणालास, तर मन घट्ट करून वाच. प्रकृती गंभीर आहे. कण्हेरीवर सुरवंटांनी पंगत मांडली आहे आणि उठायचं नाव घेत नाहीत. सूर्यफुलं एका उंचीची तर नाहीतच, पण एका दिशेलाही बघत नाहीत. खार येते, एकेकाची मान वाकवते, कच्चं बी खाते आणि सालं माझ्या अंगावर टाकते. गुलाबाच्या पानांची चाळण झाली आहे. झारीत एक बेडूक राहायला आला आहे, त्यामुळे मला पाणी तांब्यानं घालावं लागतं. तुझ्या बाकावर, अगदी तुझ्या जागेवर, रोज संध्याकाळी एक सरडा बसतो आणि मी दिसले की मान खालीवर करून नापसंती दाखवतो. त्यामुळे तुझी उणीव फारशी भासत नाही.

झिनिया खुडून खुडून माझी बोटं हिरवी झाली. मोगऱ्याचं तर विचारूच नकोस. मी मुद्दामच काही लिहीत नाही. तुझी कंबर आधीच नाजूक आहे.

तू असतास तर काहीतरी झालं असतं. पण तू तिथे सुखात आहेस, तेव्हा बागेपायी जीव टांगणीला लावू नकोस.

गोळ्या वेळेवर घे, आणि आमच्याकडे मायेची नजर राहू दे.

तुझी,
ताई


दि. ११ मे

चि. दातवालीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या वडिलांना दाखवू नकोस. त्यांना आजच दुसरं पाठवलंय, ते वाचून ते थोडे कासावीस होतील. होऊ देत. बाग झक्क आहे. पण वॉर्डात आम्ही एक करायचो. पेशंटचे नातेवाईक फिरकत नसले की प्रकृती जरा वाढवून सांगायची. दुसऱ्या दिवशी सगळे धावत दारात हजर.

मला वाटतं तेही असेच धावत येतील. तुला त्यांना ठेवून घ्यायचं असेल तर मी मध्ये पडायची नाही. तुझे वडील आहेत, पहिला हक्क तुझा. म्हणूनच मी त्यांना सरळ ये म्हणून लिहिलं नाही. त्यांचं त्यांनाच यावंसं वाटलं तर गोष्ट वेगळी.

स्वतःच्या जेवणाकडेही लक्ष दे.

तुझी,
आत्या


दि. १७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून जेवण जात नाही. अर्थात इथलं जेवण एरवीही जात नव्हतं, सगळं बिनमिठाचं असतं, पण हे लेकीला कळवू नकोस. ती फार मनापासून बिनमिठाचं करते.

मी बराच विचार केला. भर उन्हाळ्यात मोडलेली बाग उभी करायची तर दोन हात, दोन पाय आणि एक धड कंबर लागते. यातले माझ्याकडे फक्त हात उरले आहेत. जिथे काही उरलंच नाही तिथे परत येऊन मी काय करू? तुलाही रोज ते बघत बसायला लावणं बरं नाही. तेव्हा रविवारी चष्मेवाल्यांना जागा दाखव. सकाळीच दाखव, दुपारच्या उन्हात मोडकी बाग फारच मोडकी दिसते. त्यांच्यासमोर सुरवंटांचा विषय नको.

माझी काळजी करू नकोस. मी इथे अत्यंत आनंदात आहे. बाल्कनीत खुर्ची टाकून दिली आहे. समोर दुसरी बाल्कनी आहे, तिथे प्लॅस्टिकची कुंडी आणि तिच्यात प्लॅस्टिकचं झाड. परवा मी दिवसभर त्याच्याकडे बघत होतो. एक माशीसुद्धा फिरकली नाही. किती स्वच्छता! इमारतीचा राखणदार कुंपणाच्या झाडांना भर दुपारी पाणी घालतो. वरून ओरडून मी त्याला नीट पद्धत समजावली. आता तो वर बघत नाही.

एक विचारायचं राहिलं. गुलाबाची पानं कुरतडलेली आहेत की कापलेली? कडा नीट बघून सांग. जागा द्यायचीच असली तरी हे कळायला काय हरकत आहे?

आजवर धरलास तसाच माझा हात धरून राहा.

तुझा,
धाकटा


दि. २३ मे

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे रविवारी चष्मेवाले आले. मोजपट्टी घेऊन आले. मी फाटक उघडायला गेले तर कुलपात किल्ली जाईना. डोक्यातली पिन काढून भोकात फिरवली, तर आतून एक हिरवी गुंडाळी बाहेर आली, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. उलगडून बघते तर गुलाबाच्या पानांचे गोल गोल तुकडे, एकावर एक बसवलेले, एखाद्या कारागिरानं चिरूट वळावा तसे. तेवढ्यात मालकीणबाई आल्याच. मधमाशीच्या जातीची, पण जरा बुटकी. पोटाशी पानाचा गोल तुकडा धरलेला, जणू सतरंजी काखोटीला मारून निघाली आहे. दार अडलेलं बघून ती चष्मेवाल्यांच्या चष्म्याभोवती फिरायला लागली. तेव्हा तुझा चोर सापडला. पानं कुरतडलेली नाहीत, कापलेली आहेत. ती तुकड्यांच्या खोल्या करते, प्रत्येक खोलीत थोडं खाणं ठेवते, एक अंडं घालते आणि दार लावून घेते.

मी गुंडाळी पुन्हा होती तशी आत सरकवली आणि चष्मेवाल्यांना म्हटलं की आत बाळंतिणीची खोली आहे, कुलूप उघडता यायचं नाही, मागच्या दारानं या. ते वळसा घालून आले. मागच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला आणि खालून धामण निघाली, चांगली लांबलचक. मी त्यांना धीर दिला की तिला विष नसतं, बहुधा. त्या बहुधामुळे ते बाकावर चढले. सरड्याला हे मुळीच आवडलं नाही.

मला वाटलं आता ही ब्याद टळली. पण माणूस चिवट निघाला. बाकावर उभ्याउभ्या म्हणाला की जागा ताब्यात आली की पहिलं काम सिमेंटचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पान नको, फूल नको आणि त्यांच्यामागून येणारे हे पाहुणेही नकोत. जन्मभर लोकांची नजर तपासली याने, पण पायापाशी फुललेला मोगरा काही याला दिसला नाही.

होय, मोगरा फुलला आहे. मागच्या पत्रानंतर बागेची प्रकृती एकदम सुधारली. आता तर विचारूच नकोस. मला तर हा आपला वॉर्डच वाटतो, सगळे पाळीपाळीनं कामावर येतात. उजाडताच जास्वंद. ऊन तापलं की चिनी गुलाब, सगळे एकदम, जसे काही घंटा ऐकून. उन्हं उतरली की गुलबक्षी उघडते आणि दिवसपाळीच्या फुलपाखरांना रजा मिळते. अंधार पडला की मोगरा. त्याचा वास रस्त्यापर्यंत जातो, येणारे-जाणारे फाटकाशी थांबतात. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला शिंजिरानं घरटं टांगलंय, पक्षी केवढा तर अंगठ्याएवढा आणि आरडाओरडा मात्र कचेरीतल्या साहेबासारखा. माझ्या साड्या आता दाराच्या फळीवर वाळतात.

थोडक्यात काय, तुझ्यावाचून इथे काहीही अडलेलं नाही. उगाच धावपळ करू नकोस.

म्हाताऱ्या बहिणीची आठवण ठेवतोस, तशीच ठेवत राहा.

तुझी,
ताई


दि. २८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाग सावरली हे वाचून मोठं ओझं उतरलं. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. छान वाक्य आहे. मी उभी केलेली गोष्ट माझ्याशिवाय चालते, यापेक्षा माणसाला आणखी काय हवं? आता जागा द्यायला मन मोकळं झालं. मरायला टेकलेली बाग विकताना वाईट वाटलं असतं. धडधाकट बाग दिली की माणूस निर्धास्त होतो.

तेव्हा मी चष्मेवाल्यांना होकार कळवला आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते कागद घेऊन इथे येतील. दुकानाचा वाढीव नकाशा त्यांनी माझ्याकडूनच मागितला आहे. म्हणाले, जागेची इंच न् इंच माहिती तुम्हाला, आणि बाहेरचा आरेखक उगाच वेळ लावतो. मी हो म्हटलं. निदान रेघा तरी सरळ पडतील. लेकीनं टेबल आणून दिलं आहे. काम असलं की बरं वाटतं.

त्या माशीबद्दल काही शंका आहेत. तुकडे सगळे गोल आहेत की काही लांबट? खोलीच्या बाजूंना लांबट आणि दाराला गोल असे असायला हवेत, नाहीतर सांधा नीट बसणार नाही. ती एकाच झाडाची पानं घेते की सगळ्या गुलाबांची? कुलपाला तेल घालू नकोस. आणि शिंजिराच्या पिल्लांवर मांजर डोळा ठेवेल, दोरीखालचं स्टूल काढून टाक. तेच स्टूल, हो.

सामान आवरायची घाई नाही. मी वेळोवेळी सूचना पाठवीन.

इथून पुढे पत्रातच भेटायचं आहे, तेव्हा लिहिण्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. ३० मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते. पण वडिलांना परत ने असं लिहिताना हात अडखळला. लोक काय म्हणतील ते सोड, मलाच ते ऐकवेना. आता मात्र राहवत नाही.

आत्या, बाबा माझे आहेत आणि मला जिवाहून प्यारे आहेत. पण त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर उंचीप्रमाणे आकडे घातले आहेत. पडदे दोन बोटं कमीजास्त आहेत म्हणून उसवून ठेवले. राखणदारानं दुसरीकडे नोकरी बघायला घेतली आहे. परवा मी त्यांना दवाखान्यात नेलं, जरा चार माणसं दिसतील म्हणून. बाहेर बसलेल्या पेशंटना त्यांनी सांगितलं की माझ्या लेकीचा हात हलका आहे पण दात काढताना ती किंचित डावीकडे ओढते. दोघे उठून गेले.

हे सगळं मी सोसलं असतं. पण ते दिवसभर बाल्कनीत बसून समोरच्या प्लॅस्टिकच्या झाडाकडे बघतात, ते मला बघवत नाही. जेवताना तुझी पत्रं शेजारी ठेवतात. मी एकदा धीर करून विचारलं की तुम्हाला तिकडे जावंसं वाटतं का? तर म्हणाले की ताई किती मजेत आहे, मी गेलो तर तिला अडचण होईल. आणि मग म्हणाले, तिनं एकदाही ये असं लिहिलेलं नाही.

मी जा म्हटलं तर त्यांना वाटेल लेकीला जड झालो. तू ये म्हटलंस तर तसं वाटणार नाही. चष्मेवाले येऊन सही घेऊन गेले की मग आपण तिघं काय करणार? तू बोलाव ना गं.

तुझ्या मायेवर लहानपणापासून हक्क सांगत आले, आजही सांगते.

तुझी,
दातवाली


दि. ३ जून

चि. धाकट्या,

आशीर्वाद वगैरे आहेतच.

माझी दोन्ही पत्रं फाडून टाक. पहिलं लिहिलं तेव्हा वाटलं बाग मरतेय म्हटल्यावर तू धावत येशील, तर तू घर विकायला काढलंस. दुसरं लिहिलं तेव्हा वाटलं बाग फुललीय म्हटल्यावर बघायला तरी येशील, तर तू होकारच देऊन टाकलास. वॉर्डात ही युक्ती कधी फसली नाही. पण तिथले नातेवाईक शहाणे होते.

आता खरं सांगते. डावीकडचा गुलाब गेला. मीच पाणी जास्त घातलं. झिनिया अर्धी बीला लागली, कारण दुपारच्या उन्हात माझ्यानं खुडवत नाही. सुरवंट मी एकही उचलला नाही. त्यांनी कण्हेर खाल्ली आणि मग पानांखाली लटकून कोष केले, चांदीचा वर्ख लावल्यासारखे, तोंड दिसेल इतके लखलखीत. काल त्यातला एक फुटला. काळपट फुलपाखरू निघालं, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके. पंख वाळेपर्यंत ते लटकून राहिलं आणि मग भिंतीवरून गेलं. मी मागे वळून तुला सांगायला तोंड उघडलं, तर बाकावर कुणी नव्हतं. सरडासुद्धा.

मग मी रडले. मी, जिनं एवढी माणसं जाताना बघितली, ती फुलपाखरापायी रडले.

तुझ्याकडे रोज संध्याकाळी चहाला यायचे तेव्हा वाटायचं की तू एकटा पडलास म्हणून मी येते. आता कळलं, की मी स्वतःसाठी यायचे. माझ्याशी भांडायला आता कुणी उरलेलं नाही. तू सांगशील मुळाशी पाणी घाल, मी पाइप डोक्यावर धरीन, तू ओरडशील, मी चहा गार झाला म्हणून ओरडेन. मला हे हवं आहे. दुसरं काही नको.

तू तिथे सुखात आहेस असं लिहिलंस. मला ते खरं वाटत नाही, पण खरं असलं तरी मला पर्वा नाही. ये.

एक आधीच सांगते. मी निवृत्त झाले आहे. तुझी सेवाशुश्रूषा करणार नाही. तुझं पाणी तू घ्यायचं, तुझ्या गोळ्या तू मोजायच्या, आणि पडलास तर उचलायला राखणदार शोधायचा. चष्मेवाल्यांना नाही म्हणून कळव.

ताई


दि. ८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी पोचलं. त्याआधी सकाळीच मी चष्मेवाल्यांचा नकाशा पुरा करून पाकिटात घातला होता. चांगला झाला होता. सगळ्या भिंती काढल्या, काउंटर काढलं, आरसे कुठे लागतील तेही दाखवलं. मोगऱ्याच्या रांगेवर सिमेंट हा शब्द लिहायची वेळ आली तेव्हा पेन्सिलीला टोक करत बसलो. टोक मोडलं, पुन्हा केलं. निम्मी पेन्सिल संपली. मग लिहिला, ठसठशीत. मी लिहिला नाही असं सांगायला मला आवडलं असतं, पण तू खरं लिहिलंस तर मीही खरंच लिहितो.

तो नकाशा आता माझ्याकडे आहे. चष्मेवाल्यांना फोन करून नाही म्हटलं. ते चिडले. म्हणाले की तुमच्या घरात एकाचं तरी एकाला माहीत असतं का? मी म्हटलं, नसतं.

लेकीला सांगितलं की मी निघतोय. ती खूप रडली, म्हणाली, राहा ना बाबा. मला वाईट वाटून मी एखादा महिना थांबायचा विचार करणार होतो, पण रडत रडतच तिनं तिकीट काढलंसुद्धा, तेही खिडकीजवळचं. पडदे मी जाण्याआधी शिवून देतो.

आता एक सांगायचं आहे, ते नीट शब्दात येत नाही. मी तुला इतके दिवस बागेबद्दल विचारत होतो, पण मला बागेचं विचारायचं नव्हतं. तू जन्मभर पेशंट उचललेस. तुझ्या नशिबी आता कुठे आराम आला, आणि त्यात मी एक नवा पेशंट होऊन काठी टेकत तुझ्या दारात उभा राहायचं? मला ते नको होतं. तू ये म्हणाली असतीस आणि त्यात दया असती तर ती मला तिथून इथपर्यंत दिसली असती. तू लिहिलंस की माझं पाणी मी घ्यायचं. ताई, या दोन महिन्यांत मला इतकं चांगलं कुणी काही बोललेलं नाही. ते वाचून मी बाल्कनीत उठून उभा राहिलो, कठडा न धरता. लेक घाबरली.

डावीकडचा गुलाब गेला त्याचं वाईट वाटलं. मुळाशी घाल म्हटलं होतं, बुडव म्हटलं नव्हतं. यावर आपण समोरासमोर बोलूच. सूर्यफुलांच्या उंचीचाही विषय आहे. आणि माशीच्या तुकड्यांचे आकार तू अजून कळवलेले नाहीस.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतो. डब्याच्या पायऱ्या उंच असतात आणि हल्ली मला एक पाय जपून टाकावा लागतो. उतरताना हात पुढे केलास तर मी नको म्हणेन, चारचौघांत ओरडेनसुद्धा. तरी दे.

तुझा,
धाकटा